डिंकाचा ठिपका

मी चारशे बारा पानांचा गठ्ठा बोलतोय. कादंबरी म्हणवून घेण्याचा हक्क मला अजून मिळालेला नाही. मालकीणबाई मला ‘तुमचं ते बाड’ म्हणतात.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. मालक छत्तीस वर्षं सरकारी कचेऱ्यांत कारकून होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका कारकुनाचीच गोष्ट लिहिली. कागदाची एकच बाजू, डावीकडे समास, प्रत्येक पानाला क्रमांक. शेवटचं वाक्य झाल्यावर त्यांनी खाली सही करून तारीख घातली. सवय, दुसरं काय!

कुणावर विश्वास ठेवायचा नाही, ही आणखी एक सवय. साहेब न वाचताच सह्या करतात हे सिद्ध करायला ते जाड फाइलीतली दोन पानं डिंकाच्या ठिपक्याने जोडून ठेवत. फाइल परत आली की ठिपका तपासायचा आणि जेवणाच्या सुट्टीत रंगवून सांगायचं. लेखकाचं घोडं प्रकाशकाच्या दाराशी नेऊन बांधणाऱ्या एका एजंटबाईंकडे मला पाठवताना त्यांनी तोच प्रयोग केला. दोनशे बारा आणि दोनशे तेरा या पानांच्या कडेला मसुरीएवढा डिंक.

इतक्या पानांत नेमकी हीच जोडी का, असा संशय मला तेव्हाच आला होता. दोनशे तेरावर काय आहे ते मला ठाऊक होतं.

दोन महिन्यांनी मी परत आलो, सोबत बाईंचं पत्र. मालकांनी पत्र पुरतं उघडण्याआधी माझा ठिपका पाहिला. शाबूत होता. स्वतःच्या नुकसानीचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

“बघ,” ते मालकीणबाईंना म्हणाले, “बाईंनी वाचलंच नाही. आणि वर सुधारणा सांगतायत. पहिली साठ पानं काढा म्हणे, सहा महिन्यांत नव्याने लिहून पाठवा म्हणे.”

“पत्र पूर्ण वाचलंत का?”

“न वाचणाऱ्याचं काय वाचायचं?”

आणि उत्तर लिहायला बसले. सात मुद्दे. आपण हस्तलिखित वाचले नसल्याचे सप्रमाण सिद्ध झाल्याने हा विषय येथेच बंद समजावा, असा शेवट.

मी तडफडत होतो. बाईंनी मला अक्षर न् अक्षर वाचलं होतं. ठिपक्यापाशी त्या थांबल्या, हसल्या, आणि कागद फाटू नये म्हणून पानं अलगद वाकवून फटीतून वाचत राहिल्या. दोनदा. पण गठ्ठ्याची साक्ष कोण काढतो?

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई पाकीट टाकायला निघाल्या. उत्तर कशाचं चाललंय ते तरी कळू दे, म्हणून त्यांनी बाईंचं पत्र उघडलं. दुसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी मोठ्याने वाचलं.

“‘दोनशे बारा आणि तेरा चिकटली आहेत. फाडायला जीव होईना, फटीतून वाचली. दोघांनाही हवी ती जागा एकच आहे म्हणून मित्राचा बदलीचा अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी सारणारा हा कारकून मला याच एका पानावर खरा वाटला. बाकी सगळीकडे तो बिचारा आणि जग वाईट. हे पान उचलून पुढे आणा, कादंबरी इथून सुरू करा.’”

मालकांचा चहा हातातच राहिला.

“न वाचता सही तर तुम्हीही केलीत. तुमच्या साहेबांचं तरी काय चुकत होतं हो?” मालकीणबाई म्हणाल्या.

“त्या एजंटबाईला काय कळतंय कचेरीतलं!” मालक पुटपुटले, पण त्यात दम नव्हता.

मालकीणबाईंनी पत्राची घडी घातली. “दर रविवारी पत्ते खेळायला यायचे ना तुमचे दोस्त, ते एकदम यायचे बंद झाले. तुमची बदली मंजूर झाली त्याच वर्षी. मी कधी विचारलं नाही.”

मालकांनी पाकीट मागून घेतलं आणि फाडलं. मग खणातून सुरी काढून माझी दोन पानं सोडवली. कडेचा एक तुकडा फाटलाच. कोऱ्या कागदावर त्यांनी पान क्रमांक एक घातला आणि लिहिलं: ‘मी अर्ज तळाशी सारला.’ माझ्यात तिथे ‘त्याने’ होतं.

आता मी कपाटाच्या खालच्या फळीवर असतो. माझा वारस कालच रवाना झाला, दोनशे तीस पानांचा. जाण्याआधी मालकांनी डिंकाची बाटली उघडली, तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. मी त्यांच्या बोटांवर नजर ठेवून होतो. त्यांनी फक्त पाकीट चिकटवलं आणि बाटली मालकीणबाईंच्या हातात दिली.

वाचकहो, कुणाची पानं चिकटलेली दिसली तर फाडू नका, आणि न वाचता उलटूही नका. जरा वाकून फटीतून बघा. झाकण्यासारखं काही असेल तर ते तिथेच असतं.

तुम्ही मला मधली पानं न गाळता वाचलंत, असं मी धरून चालतो. खात्री मात्र नाही. मी अखेर मालकांच्याच हाताखाली वाढलोय.