आधी झाडलेली विहीर

मी एक जुनी विहीर आहे, मित्रांनो. जुनी म्हटलं म्हणून नाक मुरडू नका. या मळ्यातलं एकूण एक गाजर माझ्या जिवावर पोसलं आहे. माझे दगड असे बसवलेत की फटीत सुई शिरणार नाही. वाटसरू ओंजळभर पाणी पीत आणि नाव काढत. त्याचा तोरा मला होता, अजूनही आहे.

पण मळेवाल्याने वरच्या अंगाला गोठा बांधला आणि शेणाचा ढीग नेमका उतारावर घातला. पावसासरशी ती घाण पाझरत माझ्या पोटात उतरू लागली. वरून मी आरशासारखी लख्ख, त्यामुळे कोणाला संशयही येत नाही. शिजवायची भाजी असती तर निभावलं असतं. इथे गाजरं, मुळे, काकड्या माझ्याच पाण्याने धुतात आणि कच्च्या खातात. मळेवाल्याची नात, सगळ्यांची भिंगरी, तर धुण्याच्या हौदातूनच गाजर उचलून कुरतडते. तिला जुलाब झाले तेव्हा आजी म्हणाली, "दात येत असतील." अहो, पोरीचे दुधाचे दात पडायला लागलेत.

मग निरोप आला, पाणी तपासायला बाई येणार. मला वाटलं, सुटले. पण आदल्या दिवशी आजीने माझ्यात जंतुनाशक पावडर ओतायला लावली.

"आई, पाणी आहे तसंच दाखवायचं असतं," सून म्हणाली.

"पाहुणा यायचा तर आपण घर झाडतो ना? मग हिला काय पारोशी उभी करू?"

बाईंनी बाटली भरता भरता विचारलं, "हल्लीच पाण्यात काही टाकलंय का?"

"छे हो. आमचं पाणी मुळातच गोड."

"आणि वर उतारावर काय आहे?"

"आमची जनावरं. तुम्ही आधी बसा तरी, चहा घ्या."

सून पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. पाणी चांगलं ठरलं. आजीने ते गावभर मिरवलं. पावडरीचा जोर ओसरला, पुन्हा पाऊस झाला, आणि आता भिंगरी अंथरुणातून उठत नाही. डोळे खोल गेलेत, सारखी पाणी मागते.

"उकळून देऊ का?" सून विचारते आहे.

"तपासलेलं पाणी आहे, बाई. निर्धास्त पाज."

मित्रांनो, तुम्हाला तोंड आहे, मला नाही. कोणीतरी त्यांना सांगा. मला नटवून दाखवू नका, माझी घाण चारचौघांत उघडी करा, माझी अब्रू गेली तरी चालेल. आयुष्यभर पोहरा काठोकाठ भरून वर पाठवला. आत्ता तो खाली येतो आहे, आणि मी विनवते आहे, दोर तुटू दे.