दुसरा बिंदू

"टेप ढिली सोडू नका हो काका, ताणून धरा," मी म्हटलं, आणि फक्कीची पिशवी कलती करून सरांच्या अंगणातून चालू लागले. आमचे शिपाईकाका विहिरीच्या कठड्यावर टेपचं टोक दाबून बसले होते. टेप बावन्न फुटांवर ताणून चाललं की पांढरी रेघ आपोआप गोल वळते, आणि तिच्यावरचा प्रत्येक ठिपका विहिरीपासून बावन्न फूट असतो. शाळेत ह्याला बिंदुपथ म्हणतात. आम्ही मोजणीदार नुसतं 'कंस मारणं' म्हणतो.

मग काका पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यावर जाऊन बसले आणि तिथून एकोणचाळीस फुटांचा दुसरा कंस मारला. दोन रेघा एकमेकींना जिथे कापून गेल्या तिथे मी खुंटी ठोकली. ती नेमकी सरांच्या मागच्या खोलीच्या दाराशी आली. हरवलेला हद्दीचा दगड इथे होता असं धरलं, तर अर्धी खोली शेजाऱ्याच्या जागेत. म्हणजे पाडायचीच.

शेजारी औषधदुकानदार. तक्रार त्याचीच, त्यामुळे त्याचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "बघा, मी घसा फुटेस्तोवर सांगत होतो. पण मास्तर ऐकतील तर शपथ."

सर दारात उभे होते. ऐंशीच्या घरातले, सदऱ्याची गुंडी वरपर्यंत लावलेली. शाळेत ते मला भूमिती शिकवायचे, पण मला त्यांनी ओळखलं नव्हतं. "मॅडम, एकदा परत बघता का? आत आमची ही पडून असते. कंबरेचं हाड मोडल्यापासून तिला पुढच्या पायऱ्या चढवत नाहीत. तिच्यासाठीच ही खोली जमिनीलगत बांधून घेतली."

"नियम तो नियम, सर," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

चौतीस वर्षं मी ह्या माणसावर डूख धरून होते. परीक्षेत प्रश्न आला होता, दोन बिंदूंपासून दिलेल्या अंतरावर असणारा बिंदू काढा. सरांनी फळ्यावर कंस अर्धवट मारून एकच बिंदू दाखवला होता. मी कंपास पूर्ण फिरवला. दोन ठिकाणी छेद आले, दोन्ही दाखवले. सरांनी माझा पेपर वर्गासमोर धरला. "दोन उत्तरं? कुठलं तरी एक लागेल म्हणून? ही भूमिती आहे बाई, लॉटरी नाही." वर्ग फिदीफिदी हसला. "सर, दोन्ही बरोबर आहेत," एवढंच मी म्हटलं, तर उद्धट म्हणून तास संपेपर्यंत उभं केलं आणि त्या पाच मार्कांच्या प्रश्नाला शून्य घातलं.

चार मार्कांनी नापास झाले. वडील म्हणाले, पुरे झाली शाळा. पाच वर्षं मी कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना कॉलरी जोडल्या. बाहेरून परीक्षा देत देत मोजणी खात्यात चिकटले, तोवर माझ्या वर्गातल्या मुली कुठल्या कुठे पोचल्या होत्या. गेल्या महिन्यात एका अर्जावर सरांचं नाव वाचलं आणि सहकाऱ्याच्या वाट्याची ती मोजणी मी हट्टानं मागून घेतली.

जुन्या नोंदीत विहिरीपासूनचं आणि टाकीपासूनचं अंतर होतं. दगड कुठल्या बाजूला, हे जिथे लिहिलेलं, तो कोपरा वाळवीनं खाल्लेला. म्हणजे बिंदू दोन. दुसरा पलीकडे, आत्ताच्या कुंपणाला लागून. तो खरा ठरला तर सरांच्या केसालाही धक्का लागत नाही. अशा वेळी दोन्हीकडे खणून बघायचं असतं, कारण दगड पुरताना खाली ओंजळभर कोळसा घालायची पूर्वी पद्धत होती. दगड जातो, कोळसा वर्षानुवर्षं तसाच राहतो. मला हे सगळं पाठ आहे. तरी मी कंस फक्त खोलीच्या बाजूला मारले आणि कुदळ गाडीतून काढलीच नाही.

"इथे सही करा," मी कागद पुढे केला.

सरांनी चष्मा पुसला आणि अंगणातल्या रेघांकडे बघत राहिले. "ह्या अर्ध्यावर का सोडल्या? पुढे नेल्या तर पलीकडेही छेदतील."

"नाही सर. उत्तर एकच असतं. दोन म्हणजे लॉटरी."

त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. "तू... खिडकीजवळच्या बाकावरची."

"हे काय चाललंय?" औषधवाला म्हणाला.

"ह्यांनाच विचारा. बिंदू किती, सर? जरा मोठ्यानं सांगा."

"दोन," सर म्हणाले. काकांनी टेप गुंडाळायचं थांबवलं. "तुझे दोन्ही बरोबर होते. त्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं होतं. पण हेडमास्तरांना सांगावं लागलं असतं. लाज वाटली. मग निकाल लागून गेला."

मी समजत होते, ह्यांना येत नव्हतं. ह्यांना माहीत होतं.

"माझं शिक्षण गेलं, सर. तुमच्या लाजेपायी."

"हो," ते म्हणाले. सारवासारव केली नाही, माफी मागितली नाही, मान खाली घालून उभे राहिले. मी तास संपेपर्यंत उभी होते तशी.

झालं, उट्टं निघालं. चारचौघांत निघालं. मग माझ्या डोक्यात आणखी एक आलं. खोली आपणच वाचवावी. म्हणजे हा माणूस मरेपर्यंत माझ्या उपकाराखाली राहील. ते तर आणखी गोड. "काका, कुदळ आणा," मी म्हटलं आणि दोन्ही कंस पूर्ण केले.

कुंपणाजवळ काकांनी हातभर खणलं, दोन हात खणलं. "मॅडम, इथं काहीच नाही. जमीन कधी हललेलीच नाही." मी कुदळ हिसकावून घेतली आणि स्वतः खणलं. मुळं, खडे, माती. घामानं ब्लाउज अंगाला चिकटला तरी खणत राहिले.

"आता इकडे," सर दाराशेजारून म्हणाले.

"राहू द्या सर."

"दोन्हीकडे बघायचं असतं ना?"

दीड हातावर कुदळीला काळं लागलं. मी खाली बसून चिमटीत घेतलं. कोळसाच होता. पायानं माती लोटून टाकावी असं मनात आलं, पण औषधवाला अगदी खांद्याशी वाकला होता. त्यानंही कोळसा पाहिला होता.

"लिही," सर म्हणाले. त्यांनी मघाचा कागद मागून घेतला, भिंतीवर टेकवला आणि सावकाश सही केली.

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "अहो, कोण आलंय? केव्हाचं काय खणताय?"

"माझी एक विद्यार्थिनी आहे," सर म्हणाले. "तिचं बरोबर निघालं."

"मग आत बोलवा की. बाहेर उभी काय ठेवलीत?"

मी आत गेले नाही. माझे हात काळे झाले होते आणि ते कुठे पुसावेत ते कळत नव्हतं. खिडकीतून दिसत होतं, सर फळीवरच्या औषधाच्या बाटल्या एकेक उचलून खोक्यात ठेवत होते, आणि त्या विचारत होत्या, आज मधेच हे आवरायला का काढलंत.