शालूच नेसा, उषाताई

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कुणाच्या घरी कार्य निघालं की बायका आधी भटजींना विचारत आणि मग वनमालाबाईंना. भटजी मुहूर्त सांगत, वनमालाबाई लुगडं. बारशाला काळं नेसून येणारी, समाचाराला जाताना नथ काढायला विसरणारी, वैशाखाच्या उन्हात भरजरी पैठणी नेसून मांडवातच घेरी येऊन पडणारी, सगळ्यांची यादी त्यांना तोंडपाठ होती. "नेसणं सोपं आहे गं," त्या म्हणत, "कुठं काय नेसायचं ते कळायला जन्म जातो."

त्यांचा स्वतःचा जन्म गेला नव्हता. त्यांना एका दुपारीच सगळं कळलं होतं, आणि ती दुपार त्यांनी अठरा वर्षं लोणच्यासारखी मुरवून ठेवली होती.

तेव्हा त्या नुकत्याच साताऱ्याहून लग्न होऊन आल्या होत्या. सासरे दरबारात कारकून. चैत्रातलं हळदीकुंकू सरदार जयसिंहरावांच्या घरी होतं. वनमालाबाई अंबाड्यावर मोगऱ्याची वेणी माळून, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन गेल्या. डोकं उघडं. साताऱ्यात ब्राह्मणाची सवाष्ण डोक्यावरून पदर घेत नसे. तो घ्यायचा सोवळ्या विधवेनं. पण इथला रिवाज दरबारचा, मराठा सरदारांचा. उघड्या डोक्यानं सरदाराच्या उंबऱ्यात पाऊल टाकणं म्हणजे बेअदबी. हे नव्या सुनेला कुणी सांगितलंच नव्हतं.

सरदारीणबाई म्हणजे उषाताई. त्या नुसत्या रागावल्या असत्या तरी वनमालाबाईंनी गिळलं असतं. पण उषाताईंनी मोलकरणीला हाक मारली, समया पुसायचं तेलकट फडकं आणवलं आणि ते स्वतःच्या हातानं वनमालाबाईंच्या डोक्यावर टाकलं. "बामणाघरी पदराला कपडा कम पडला वाटतं," त्या म्हणाल्या. सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. ओटी भरेपर्यंत वनमालाबाई ते फडकं डोक्यावर घेऊन बसून राहिल्या. तेल वेणीतून मानेवर ओघळत होतं. घरी सासूबाईंनी वर तोंडसुख घेतलं आणि 'दरबारात नाक कापलंस' म्हणत सहा महिने माहेरी धाडलं.

त्यानंतर दिवस फिरले, आणि असे फिरले की वनमालाबाईंना देवाचा हेवाच वाटावा. दरबार गेला, ग्वाल्हेर मध्यभारत नावाच्या नव्या राज्यात गेलं, सरदारांच्या जहागिऱ्या गेल्या. जयसिंहराव अंथरुणाला खिळले. मग छपन्न साली मध्यभारतही मध्यप्रदेशात विरून गेला. राजधानी भोपाळला ठरली आणि कचेऱ्यांचे कागद पेट्यांत भरून ट्रकांनी स्टेशनजवळच्या पडावाकडे निघाले. कोण भोपाळला जाणार आणि कोण घरी बसणार, याच एका गोष्टीवर घराघरांत जीव टांगले होते.

दिवाळी सरली आणि उषाताई वनमालाबाईंच्या दारात आल्या. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

"वनमालाबाई, एक सलाह पाहिजे होती." अंगावर जाड शाल गच्च लपेटलेली, बोलताना नजर जमिनीवर. "आमचा पोरगा दौलतसिंह कचेरीत हंगामी आहे. त्याचं नाव भोपाळच्या यादीत नाही लागलं. तुमच्या मंडळात मंत्र्यांच्या बाई येणार आहेत ना? त्यांच्या हातात अर्जी द्यायची आहे. त्यांच्यासमोर काय नेसून यावं, ते तर तुम्हीच जाणता."

वनमालाबाई महिला मंडळाच्या चिटणीस होत्या. जबलपूरच्या मंडळाचं पत्र त्यांच्या फडताळात होतं: बाई खादीच्या. जरी दिसली की कपाळाला आठी. पडदा दिसला की भर सभेत त्याला हात घालतात. हे एवढं उषाताईंना सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

त्यांच्या मनात काय झालं ते सरळच सांगायला हवं. त्यांना आनंद झाला. पोटातून, अगदी निर्लज्ज आनंद झाला.

"शालूच नेसा, उषाताई," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "बनारसी आहे ना तुमचा? नथ घाला. आणि पदर नाकापर्यंत. मोठ्या घरची बाई आहे हे कळायला नको का त्यांना?"

उषाताईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

फूलबागेजवळच्या सभागृहात शंभरेक बायका जमल्या. वनमालाबाई पांढऱ्या खादीत, पहिल्या रांगेत. मंत्र्यांच्या बाई पाऊण तास बोलल्या: नवं राज्य, नवी स्त्री. मग उषाताई उठल्या. डाळिंबी शालू, मोत्यांची नथ, पदर नाकापर्यंत. त्यांनी वाकून अर्ज पुढे केला.

बाईंनी अर्ज घेतलाच नाही. दोन बोटांनी पदराचा काठ धरला आणि फर्रकन मागे ओढला.

"बहनजी, रियासतें चली गईं, आपका घूँघट नहीं गया?"

पदराबरोबर अंबाडाही सुटला. विरळ पांढरे केस खांद्यावर पडले. कुणीतरी आधी हसलं, मग सगळ्याच हसल्या. वनमालाबाईही हसल्या, सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत जास्त वेळ. "माँ परदे में है, तो बेटा नए राज में क्या काम करेगा?" असं म्हणून बाई चहाकडे वळल्या. अर्ज टेबलावरच पडून राहिला.

त्या रात्री वनमालाबाई दोन पोळ्या जास्त जेवल्या.

पंधरा दिवसांनी यादी पक्की झाली. दौलतसिंहाचं नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाटणकर बाजारात कापडाच्या दुकानासमोर उषाताई त्यांना आडव्या आल्या. आज अंगावर शाल नव्हती, आणि उन्हात त्यांचं लुगडं स्पष्ट दिसत होतं. मधोमध दांड घातलेलं, दोन जुनी लुगडी फाडून एक केलेलं.

"काम झालं तुमचं," उषाताई म्हणाल्या.

वनमालाबाईंनी आव आणला नाही. "झालं," त्या म्हणाल्या. "फडकं विसरला असाल तुम्ही. मी नाही विसरले."

"मीही नाही विसरले. तुमच्या दारात आले तेव्हाच जाणत होते, तुम्ही उलटंच सांगणार."

"मग नेसलात कशाला?"

"दुसरं होतं काय?" उषाताईंनी लुगड्याचा दांड चिमटीत धरून दाखवला. "घरात दोन आहेत, दोन्ही अशीच. धडका तो एक शालूच, तोही दौलतसिंहाच्या बायकोसाठी ठेवलेला. तुम्ही 'साधं नेसा' म्हणाला असतात ना, तर मी आलेच नसते. दांडाचं नेसून चारचौघींत जाण्यापेक्षा पोरगा घरी बसलेला परवडला. त्याची नोकरी तेव्हाच गेली असती." पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर ती जुनी सरदारीण दिसली. "खरं बोलूनच तुमचं काम झालं असतं, वनमालाबाई. झूठ तुम्ही फुकटच बोललात."

एवढं बोलून त्या गर्दीतून ताठ मानेनं निघून गेल्या.

दुकानदार खादीचं नवं ठाण उलगडून विचारत होता, "बाईसाहब, यह दिखाऊँ?" वनमालाबाईंना पश्चात्ताप वगैरे काही झाला नव्हता. त्यांना फक्त राग आला होता, आणि तो आता कुणावर काढायचा हे त्यांना कळेना. त्या काहीच न घेता घरी गेल्या.