कुकरवर जळणारी तामली

मी एक जुनी तुपाची तामली आहे, पितळेची, चोचीची. मित्रांनो, उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये एका सिंधी दुकानदाराने मालिनीबाईंच्या हातात मला दिले, तेव्हा नातवंडेही हिच्यातलेच तूप खातील, असे तो म्हणाला होता. त्या भरवशावर मी कुळगावला आले. वरणभातावर माझी धार पडल्याशिवाय इथे कोणी कालवत नसे.

मग विजेचा कुकर आला. त्याचे बटण टक् करून उडाले की सगळे घर त्याच्याकडे बघते. मी त्याच्यावर जळते, अगदी आजही.

या घरात मालिनीबाईंची सोहम आणि अनुया ही जुळी मुले. दोघांना लहानपणापासून एकच जेवण. तरी सोहम माझ्यासाठी हात पुढे करतो आणि अनुया नाक मुरडते. भातावर तूप पडलेच तर ते बोटाने कडेला सारते आणि पुन्हा भात मागते. माझ्यात असे काय कमी आहे? तिचे बाबा श्रीपादराव कौतुकाने म्हणत, "आमचं रक्तच भाताचं आहे."

गेल्या वर्षी त्याच रक्तात साखर वाढलेली निघाली. श्रीपादरावांनी भात सोडला. मोबाइलवर काहीबाही पाहून ते भाकरीवर मला उपडी करू लागले. मी कुकरपुढे तोऱ्यात मिरवले. पुढच्या तपासणीत चरबीही वाढलेली दिसली आणि माझी रवानगी फळीवर मागच्या कोपऱ्यात झाली. कुकर मात्र ओट्यावरच राहिला, कारण अनुयाला भात हवाच होता. वरून मी नुसती धुमसत होते.

एका रविवारी अनुया पुन्हा भात वाढून घेऊ लागली, तेव्हा मालिनीबाईंनी तिचा हात धरला. अनुया शांतपणे म्हणाली, "बाबांचं झालंय ते मला पण होणारच ना? मग आत्ता तरी पोटभर खाऊ दे."

वरच्या मजल्यावरच्या राजसीताई आहारतज्ज्ञ आहेत. मालिनीबाईंनी त्यांना बोलावले. त्या अनुयाशेजारी बसल्या.

"होणारच असं काही लिहिलेलं नसतं गं. भाताची ओढ थोडी रक्तातून येते, थोडी रोजच्या ताटातून. रक्त आपल्या हातात नाही. वाढणं आहे."

मग भात थोडा, उसळ भरपूर, तूप अर्धा चमचा, असे ठरले. वाढायचे काम अनुयाने मागून घेतले. तिने स्टूलवर चढून मला खाली काढले. तिचा हात मला पहिल्यांदाच लागला. तिने बाबांच्या भातावर मोजके तूप घातले, स्वतःला एकदाच भात घेतला आणि कुकरचे झाकण लावले. बाबांना डोळे पुसावे लागले.

मित्रांनो, मला रोज लख्ख घासा, पण ओतताना हात आखडता ठेवा. आणि कुकरला माझ्याआधी पुसू नका, तेवढे मला अजून सहन होत नाही.