नानांचा ठेवणीतला सदरा

मित्रांनो, मी एक जुना पांढरा सदरा आहे. जुना म्हणजे वयाने. अंगावर फारसा चढलेलो नाही. झुलालनानांचा मुलगा अमृत इंजिनियर झाला, त्या वर्षी चाळीसगावच्या एका शिंप्याने मला नानांच्या मापाने शिवलं. नाना उंच, भरल्या छातीचे. कापड कमी पडेल की काय म्हणून शिंप्याने पुन्हा माप घेतलं होतं. त्याचा मला अजून अभिमान वाटतो.

मी ठेवणीतला. शेतावर जाणारे माझे भाऊबंद घामाने पिवळे पडत, कपाशीत अडकून फाटत. मी मात्र पेटीत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. आखाजीच्या सणाला आणि लग्नकार्याला बाहेर यायचं, पुन्हा घडी होऊन आत जायचं. थोडा गर्विष्ठच होतो म्हणा ना. अमृत नोकरीसाठी स्पेनला निघाला तेव्हा नाना मलाच घालून स्टेशनवर गेले होते. गाडी आली तशी अमृतने त्यांना मिठी मारली आणि माझ्या खांद्यावर डोळे पुसले. पुढे बरेच दिवस नानांनी मला धुऊ दिलं नाही.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. अमृतला रजा मिळाली नाही. बापाचं शेवटचं दर्शन त्याने फोनच्या पडद्यावर घेतलं. रीतीप्रमाणे नानांचे सगळे कपडे देऊन टाकले. अमृतच्या आईने, भिकुबाईंनी, मला तेवढं मागे ठेवलं.

पावसाळ्यात अमृतचा फोन आला. तिकडे बुन्योल नावाच्या गावात टोमॅटोचा सण असतो, लोक एकमेकांना टोमॅटो फेकून मारतात, असं तो सांगत होता. भुसावळचा एक मित्र इकडे यायला निघालाय, त्याच्याजवळ माझा कॉलेजचा जुना पांढरा शर्ट दे, घालून टाकूनच द्यायचाय, असंही म्हणाला. भिकुबाईंनी त्यातला 'सण' तेवढा मनात धरला. कॉलेजचा शर्ट काढला तर कॉलर विरलेली, बटण तुटलेलं. "सनले जुनं कोन घालस?" म्हणत त्यांनी तो बाजूला सारला आणि मला नीळ घालून धुतलं, कडक इस्त्री केली. सदरा कुणाचा आहे ते त्यांनी अमृतला कळवलं नाही. लेक पाहताच ओळखेल, अशी त्यांची खात्री होती. माझीही होती.

पण मित्राबरोबर मी स्पेनला पोचलो तेव्हा अमृतला सणाच्या गावची बस गाठायची घाई. त्याने न पाहताच मला अंगात चढवलं. मी सैल झालो तेव्हा मित्राला म्हणाला, "मी वाळलोय रे इकडे येऊन." बस्स, तेवढंच.

काय सांगू मित्रांनो त्या गावाचं. बार उडाला, गल्लीतून ट्रक आले आणि लाल पाऊस सुरू झाला. पिकलेला टोमॅटो माझ्या पाठीवर फुटला तेव्हा मी शरमेने मेलो. कुणीतरी बाही ओढली, ती उसवली. पण मग अमृत हसू लागला. गल्लीत पाय घसरून पडला, उठला, पुन्हा हसला. नाना गेल्यापासून त्याची छाती अशी हलकी झाली नसावी. मी म्हटलं, जाऊ दे इस्त्री. बापाच्या कापडात पोरगा हसतोय, यासाठीच मी इतकी वर्षं पेटीत राहिलो असेन.

सण संपला. गावकरी पाइपने गल्ल्या धुऊ लागले. बसपाशी लोक कपडे काढून ढीग करत होते. अमृतनेही मला काढलं आणि त्यात टाकलं. माझ्यावर दुसरे सदरे पडत गेले. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"अमृत, नानाना सदरा आंगवर शे ना, भाऊ?" भिकुबाई विचारत होत्या. "फोटो धाड. माले देखानं शे."

अमृतने वळून ढिगाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "शे, माय. फोटो धाडस."

तो ढिगाजवळ गुडघ्यांवर बसला. लाल झालेले सगळे सदरे एकसारखेच दिसत होते. एकेक उचलून तो नाकाशी धरत होता, आणि प्रत्येकाला टोमॅटोचाच वास. मी खाली दबलेलो. मला हाक मारता येत नाही, मित्रांनो. शेवटी मोठ्या मापाचा एक सदरा त्याने छातीशी धरला आणि तो ढसाढसा रडला. तोच अंगात घालून त्याने फोटो काढला. तो सदरा दुसऱ्याच कुणाचा होता.

आता मी चिंध्या होऊन एका गॅरेजात हात पुसायच्या कामी येतो. तक्रार नाही. तुम्ही मात्र एखादं जुनं कापड टाकण्याआधी घरात विचारा, हे कुणाच्या अंगावरचं आहे. विचारायला फार वेळ लागत नाही.

भिकुबाईंनी तो फोटो पाहिलाच असेल. माझी बटणं त्यांनी स्वतःच्या हाताने पक्की केली होती. परका सदरा ओळखायला त्यांना कितीसा वेळ लागणार. त्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे. लेकाला त्या एवढंच म्हणाल्या असतील, "नानासारखाच दिखस, भाऊ."