पटेलांची 'जुनी वाट'

सरकारनं एका हुकुमासरशी गावोगावची पटेलकी मोडीत काढली, त्याच वर्षी आदिलाबादजवळ जैनथकडच्या उद्धवरावांच्या घरी अमेरिकेहून पहिलं मासिक आलं. उद्धवरावांना या दोन गोष्टींत देवाचाच हात दिसला.

दोन पिढ्या गावचं दफ्तर त्यांच्या घरात होतं. आता कुणीतरी तेलुगू कारकून मोटारसायकलवर येई, झाडाखाली उभ्यानंच चार सह्या करी आणि निघून जाई. जग उलटं चाललंय, असं उद्धवरावांना रोज वाटे. पण तसं छापून म्हणणारं त्यांना कुणी भेटलं नव्हतं.

मासिक पाठवणारा त्यांचा मुलगा सुधाकर. तो टेक्सासात तेलाच्या कंपनीत इंजिनियर होता. त्याचा गोरा साहेब मासिक वाचून झालं की त्याला देई, आणि बापाला छापील कागदाची हौस म्हणून सुधाकर ते गावी धाडी. उद्धवरावांना उर्दू येत होती, मोडी येत होती, इंग्रजीचं मात्र नाव नको. म्हणून रामाजी मास्तरांना बोलावणं गेलं.

रामाजी हायस्कुलात इंग्रजी शिकवत. त्यांचे वडील उद्धवरावांच्याच कापसात राबलेले. बौद्ध वस्तीतले हे पहिले बी.ए. पटेलांच्या ओसरीवर त्यांच्या घरातलं कुणी कधी बसलं नव्हतं. मास्तरांना मात्र खुर्ची मिळाली. अमेरिका खाली बसून वाचता येत नाही, हे उद्धवरावांनीच ठरवून टाकलं.

तो अंक नेमका मासिकाच्या वर्धापनदिनाचा होता, त्यात त्याचा सगळा इतिहास दिलेला. एका चिडक्या म्हाताऱ्या संपादकानं ते काढलं. सरकारनं लोकांच्या घरात नाक खुपसू नये, शाळेत देवाचं नाव घ्यावं, बापजाद्यांनी घालून दिलेली घडी मोडू नये, हे त्याचं म्हणणं. काळ्या लोकांच्या हक्कांविरुद्ध लिहिलं म्हणून विद्यार्थ्यांनी कचेरीच्या काचा फोडल्या, जाहिरातदार पळाले. आणि दर भांडणागणिक वाचक वाढत गेले.

"म्हंजे शिव्या खाल्ल्या तरी चालते?" उद्धवरावांनी विचारलं.

"चालते नाई, पटेल. त्याच्यावरच चालते," रामाजी म्हणाले.

उद्धवराव रात्रभर तळमळले आणि सकाळी त्यांनी पाक्षिक काढायचं ठरवलं. नाव 'जुनी वाट'. आदिलाबादेत छपाईचे मराठी खिळे धड मिळेनात, म्हणून पैनगंगा ओलांडून पांढरकवड्याला छपाई ठरली. अर्धा मजकूर अमेरिकेचा, रामाजींनी मराठी केलेला. अर्धा उद्धवरावांचा स्वतःचा. तो टीव्हीविरुद्ध, पोरींच्या सायकलींविरुद्ध आणि कापूस वेचायला नदीपलीकडून येणाऱ्या उपऱ्या मजुरांविरुद्ध.

पहिले काही अंक कुणी उघडलेच नाहीत. मग अमेरिकेच्या मासिकात एक लेख आला: काळ्यांना नोकऱ्यांत राखीव जागा म्हणजे गुणवान गोऱ्यांवर अन्याय. उद्धवराव हरखले.

"मास्तर, हे तं आपल्याच इथलं हाय! घ्या लिहून."

रामाजींनी लेख पुन्हा एकदा वाचला. त्यांची स्वतःची नोकरी राखीव जागेतली, हे ओसरीवरच्या खांबालाही ठाऊक होतं. त्यांनी मान खाली घालून लेख मराठीत उतरवला. एक शब्द गाळला नाही, एक मवाळ केला नाही.

अंक निघाला आणि रामाजींच्याच वस्तीतल्या पोरांनी जैनथच्या बस थांब्यावर त्याची होळी केली. जाळायला अंक लागतात, म्हणून त्यांनी गठ्ठाच्या गठ्ठा विकत घेतला. गठ्ठा का घेतला हे बघायला बाकीच्यांनी एकेक अंक घेतला. पांढरकवड्याच्या छापखान्यानं पुढचा अंक दुप्पट छापला.

खुशाल नावाचा पोरांचा म्होरक्या रामाजींच्या दारात येऊन ओरडला, "गुरुजी, तुमी काऊन हे करून राह्यले? आपल्याच माणसावर?"

रामाजी म्हणाले, "पटेल आपल्याबद्दल काय बोलते, ते आधी पाठीमागं बोलत. आता छापून, सही करून बोलते. अन् छापायच्या आधी मले ठाऊक होते. हे काय कमी हाय?"

खुशालला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर रामाजींनाही पुरतं पटलेलं नव्हतं. पण ओसरीवरची ती खुर्ची सोडवत नव्हती, आणि तसलं इंग्रजी जिल्ह्यात दुसरीकडं कुठं वाचायला मिळत नव्हतं. लिहिणारे होते द्वाड, पण वाक्यं अशी बांधत की मास्तरांना हेवा वाटे.

अशी सात वर्षं गेली. 'जुनी वाट' नेरडीगोंड्यापासून बासरपर्यंत पोचली. उद्धवराव सभांत "अमेरिकेत असं म्हणतात" असं म्हणाले की माणसं गप्प बसत. अमेरिका म्हणजे ते एक मासिक, हे फक्त रामाजींना माहीत होतं.

चौऱ्याण्णव साली मासिकाचा एक अंक आला. मुखपृष्ठावर लोखंडी फाटक आणि फाटकावर कुलूप. रामाजी वाचू लागले आणि मध्येच थांबले.

"काय म्हणते?"

"म्हणते, बाहेरचे लोक लय झाले. आमच्या नोकऱ्या खातात, आमची रीत बिघडवतात. फाटक लावून घ्या, अन् आत आलेल्यायले वापस धाडा."

"बराबर हाय. ते मेक्सिकोवाले असतीन."

"त्यायचं नाव हाय. खाली भारताचंबी हाय. इंजिनियर म्हणूनच लिहिलं हाय, पटेल."

उद्धवरावांनी अंक हातात घेतला आणि न कळणाऱ्या अक्षरांकडे बराच वेळ पाहिलं. "मास्तर," ते हळूच म्हणाले, "थोडं इकडंतिकडं करता येते का?"

"आजवर केलं नाई," रामाजी म्हणाले. "सांगत असान तं करतो."

तसं सांगायचं उद्धवरावांच्या तोंडी आलं नाही. आजवर जे जसंच्या तसं छापलं, ते आता कुणाच्या तोंडानं बदलायचं? अंक निघाला.

दुसऱ्याच दिवशी गाव सांत्वनाला आलं. "तुमच्या सुधाकररावाले अमेरिका हाकलून राह्यली म्हणते," असं म्हणत शेजारचे बाबाराव ओसरीवर टेकले. उद्धवरावांच्या मंडळी देवकाबाईंनी मागची खोली झाडून घेतली, गादी उन्हात टाकली आणि नवऱ्याशी बोलणं बंद केलं. आठवड्यानं एकदाच म्हणाल्या, "दुसऱ्याच्या लेकरायले उपरे म्हणत बसले. घ्या आता."

सुधाकर डिसेंबरात खरंच आला, पण कुणी हाकललेला नव्हता. अंगानं सुटलेला, खिशात अमेरिकेचा पासपोर्ट. आईनं रडतच त्याला जवळ घेतलं. "पोरा, आता इथंच राह्य. आपलं शेत हाय."

"कशाला राहू? मला काय झालं?"

उद्धवरावांनी फाटकाचा अंक पुढं केला. सुधाकर हसला.

"बाबा, बरोबरच लिहिलंय. आम्ही गेलो तेव्हाची गोष्ट वेगळी होती. आता कुणीही उठतो आणि येतो. वर्गणी भरतो मी याची. साहेबाकडून मागून वाचत नाही आता."

"पण त्यात तुयंच नाव हाय, लेका."

"ते माझ्यानंतर आलेल्यांचं."

उद्धवरावांना एकदम आपला आजा आठवला. आजा पैनगंगेपलीकडून एक बैल आणि एक विळा घेऊन आला होता. अलीकडच्यांनी त्याला पाण्यावर येऊ दिलं नव्हतं म्हणे. ही गोष्ट घरात अभिमानानं सांगत. उद्धवरावांनी ती कधी वेचणीच्या मजुरांशेजारी ठेवून पाहिली नव्हती.

सुधाकर गेल्यावर त्यांनी रामाजींना बोलावलं. "आज अमेरिका नाई. मी सांगतो, तुमी लिहा."

त्यांनी आजाची गोष्ट सांगितली. पोटासाठी नदी ओलांडणाऱ्याला उपरा म्हणण्यात आपली चूक झाली, असंही सांगितलं. राखीव जागांचा विषय आला तेव्हा ते अडखळले, रामाजींकडे पाहिलं आणि म्हणाले, "त्याचं पुढच्या अंकात पाहू."

"पाहू," रामाजी म्हणाले आणि तेवढंच लिहून घेतलं.

अंक सरळ होता, समंजस होता. त्यानं 'जुनी वाट' बुडाली. जुने वाचक म्हणाले, पटेल म्हातारपणी बिघडले. वस्तीतली पोरं अंक चाळून परत ठेवत. त्यात जाळण्याजोगं काही उरलं नव्हतं. टीव्ही विकणाऱ्या दुकानदारांनीही आता आपल्याला शिव्या पडत नाहीत म्हणून फुकट चर्चा होत नाही, अशी तक्रार केली. उन्हाळा लागायच्या आत छापखान्याचा निरोप आला: गठ्ठे उचलून न्या.

तो पुढचा अंक निघालाच नाही. उद्धवराव आणि रामाजी छापखान्यातून गठ्ठे आणायला गेले, तेव्हा परतीच्या बसमध्ये एकच जागा रिकामी होती. "बसा मास्तर," उद्धवराव म्हणाले. रामाजी बसले. उद्धवराव दांडी धरून उभे राहिले, आणि पैनगंगेचा पूल ओलांडून गेल्यावर म्हणाले, "तो राखीव जागांचा लेख लिहितानी तुमाले वाईट वाटलं असंन."

"वाटलं," रामाजी म्हणाले. "पण पटेल, हे इचारायले तुमाले आठ वर्षं लागली."

उद्धवरावांनी मान हलवली आणि खिडकीबाहेरच्या कापसाकडे बघत उभे राहिले. जैनथ यायला अजून वेळ होता.