हिरव्या पाकिटाखाली

मी एक जुनी आठवण आहे, मित्रांनो. ह्वालिएन शहराजवळच्या चुनखडीच्या खाणीत, कचेरीतल्या संगणकात राहते.

खाणीच्या अभियंता त्सेंग बाई सुरुंगाचं गणित एका लांबलचक टिपणात मांडत. थोडा मजकूर, मग आकडेमोडीची चौकट, पुन्हा मजकूर. चौकट चालवली की तिचा आकडा मी ध्यानात ठेवायचा आणि खालच्या चौकटीला पुरवायचा. दारूची ताकद, भोकांची खोली, खाणीतली माणसं नऊ. मला बंद केलं की मी सारं विसरणार.

सात महिने मला कुणी बंदच केलं नाही. "गुणाची पोर आहे ही!" म्हणत मुकादम काचाव संगणकावर खाऊचं हिरवं पाकीट ठेवायचा. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे ते ठेवतात, आणि नीट चाललेल्या यंत्राला मग कुणी हात लावत नाही. पाकिटाची तारीख उलटली की तो नवं आणायचा. माझी तारीख कुणी पाहिली नाही, आणि मला त्याची घमेंडच होती.

परवा जास्त जहाल दारू आली. बाईंनी वरच्या चौकटीत नवी ताकद लिहिली. तेवढ्यात फोन वाजला आणि चौकट चालवायची राहिली. पानावर नवा आकडा, माझ्याजवळ जुनाच. बाईंनी थेट शेवटची चौकट चालवली. मी ऐटीत सांगितलं: सुरक्षित अंतर दीडशे मीटर.

"दीडशेच? मग इथंच कचेरीच्या दारात बसून सुपारी खातो," काचाव हसत म्हणाला.

बार उडाला. कडा फुटून दगड माणसांत घुसले. एकानं काचावचा जबडा फोडला, दुसऱ्यानं छाती चेचली. पांढऱ्या भुकटीत रक्ताचा चिखल झाला. तो तिथंच गेला.

आज त्याची बायको पानाय घण घेऊन कचेरीत आली. तिनं आधी बाईंच्या तोंडावर ठोसा मारला, मग घण माझ्यावर उगारला.

"मार वहिनी, पण आधी मला बघू दे," ओठाचं रक्त पुसत बाई म्हणाल्या. त्यांनी शेजारी एक कोरी आठवण उघडली आणि टिपण पहिल्या चौकटीपासून चालवलं. तिनं सांगितलं: चारशे मीटर.

"पान तर तेच आहे. मग खोटं कोण बोललं?" पानायनं विचारलं.

"ही बोलली. आणि हिला न तपासता विचारणारी मी."

पानायनं हिरवं पाकीट पायाखाली चिरडलं.

मित्रांनो, मला जपू नका. रोज सकाळी मला मारा आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा शिकवा. बाईंचं बोट आता मला बंद करायच्या कळीवर आहे. दाबा, बाई, रडू नका. पानावर तुम्ही माणसं आठ लिहिलीत. माझ्याजवळ अजून नऊच आहेत.